नाव न विचारता वाढलेले ताट : सोलापुरातील एका अन्नछत्राचा अनुभव

वडिलांच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी गेल्या महिन्यात अकरा दिवस सोलापुरात मुक्काम करावा लागला आणि त्या अकरा दिवसांत माझे दोन्ही वेळचे जेवण रुग्णालयामागच्या गल्लीतील एका अन्नछत्रात झाले. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी ते विनामूल्य चालते. चालवणाऱ्या मंडळींना नावाची प्रसिद्धी नको आहे, तसे त्यांनी मला स्पष्टपणे सांगितले, म्हणून येथे नाव लिहीत नाही. रुग्णालयाच्या आवारात कोणालाही ‘दासोह कुठे आहे’ असे विचारले की रस्ता सांगतात. मी समाजकार्याचे शिक्षण घेतले आहे आणि मोहोळ तालुक्यात महिला बचत गटांबरोबर काम करते, त्यामुळे जेवता जेवता माझे लक्ष ताटाइतकेच वाढण्याच्या पद्धतीकडे होते.

आधी ताटाविषयी लिहिते. दुपारी ज्वारीची भाकरी, आमटी, एक भाजी, भात आणि कोपऱ्यात चिमूटभर नव्हे, चांगली दोन चमचे शेंगाचटणी. भाकरी समोरच्या चुलीवरून थेट पंगतीत येते. तव्यावरून उतरलेली, काठाला किंचित करपलेली, हातात धरवत नाही इतकी गरम. आमटीला काळ्या मसाल्याचा तो सोलापुरी रंग आहे, पण तिखट बेताचे ठेवले आहे, कारण जेवणाऱ्यांत रात्रभर जागलेली आणि पोट बिघडलेली माणसे बरीच असतात, हे वाढणाऱ्यांना ठाऊक आहे. सोमवारी सिद्धेश्वराचा वार म्हणून गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, असते. संध्याकाळी मात्र फक्त खिचडी आणि ताक मिळते. पोटभर मिळते, चव साधी असते.

वाढपी साठीच्या पुढचे गृहस्थ आहेत. ओगराळे हातात घेऊन ते प्रत्येकासमोर किंचित वाकतात आणि ‘अक्का, अजून वाढू?’ असे विचारतात. उत्तर येईपर्यंत थांबतात. दाराशी कोणी नाव लिहून घेत नाही, शिधापत्रिका मागत नाही, रुग्ण कोणत्या कक्षात आहे एवढेसुद्धा विचारत नाही. दानपेटी आहे, पण ती आतल्या खोलीत आहे. जेवून बाहेर पडताना ती दिसतही नाही. हे मुद्दाम केले असावे असे मला वाटले आणि विचारल्यावर तसेच निघाले.

मला हे इतके जाणवण्याचे कारण वेगळे आहे. काही वर्षांपूर्वी आई दुसऱ्या एका शहरात दाखल होती, तेव्हा तेथे एक मंडळ जेवणाची पाकिटे वाटत असे. पाकीट हातात धरून, चेहरा कॅमेऱ्याकडे करून फोटो दिल्याशिवाय ते मिळत नसे. मी दोन दिवस तो फोटो दिला आणि तिसऱ्या दिवसापासून बिस्किटांवर भागवले. अन्न चांगले होते, देणाऱ्यांचा हेतूही वाईट नसावा, पण तो फोटो अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

या अन्नछत्राचे लोक आपल्या कामाला दान म्हणत नाहीत, दासोह म्हणतात, आणि सोलापूरच्या मातीत या शब्दाला आठशे वर्षांहून जास्त इतिहास आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कायक आणि दासोह ही जोडी शिकवली. कायक म्हणजे स्वतःच्या श्रमाने मिळवणे आणि दासोह म्हणजे मिळवलेले समाजाच्या हवाली करणे. ‘दासोऽहम्’, मी दास आहे, असा त्याचा उगम सांगतात. यात देणारा खाली आणि घेणारा वर अशी मांडणी आहे, जी दानाच्या नेहमीच्या मांडणीच्या बरोबर उलट आहे. बसवेश्वर बिज्जल राजाच्या राजवटीत सुरुवातीला आपल्याच मंगळवेढ्याला कारकुनी करीत होते. त्यांचे समकालीन सिद्धरामेश्वर तर सोलापूरचेच, तेव्हाच्या सोन्नलगीचे. आज ज्या तळ्याच्या मधोमध सिद्धेश्वराचे मंदिर उभे आहे, ते तळे त्यांनी लोकांना बरोबर घेऊन खोदले, अशी परंपरा आहे. शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या मार्गातील भक्तांच्या, साहित्यात ज्येष्ठ शरण अल्लमप्रभू सोन्नलगीत येतात आणि सिद्धरामांना ‘ओड्ड’, म्हणजे माती खोदणारा, असे संबोधतात. तळे खोदणे हाच धर्म आहे का, हा वाद त्या दोघांत झाला आणि पुढे सिद्धराम बसवेश्वरांच्या कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याणला, गेले. समाजकार्याच्या वर्गात आम्हाला हा प्रसंग कोणी शिकवला नाही याची मला मनापासून खंत वाटते, कारण पाणी पुरवणे आणि माणूस आतून बदलणे यांतले आधी काय, हा प्रश्न आमच्या क्षेत्रात आजही रोज पडतो.

मंगळवेढ्याचेच दुसरे नाव दामाजीपंतांचे. बहामनी राजवटीतील या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठारे उपाशी लोकांसाठी खुली केली आणि विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन बिदरच्या दरबारी धान्याची रक्कम भरली, ही कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. कथेचा चमत्कार बाजूला ठेवला तरी लोकांनी आठवणीत काय जपले ते महत्त्वाचे आहे: अधिकाऱ्याने परवानगीची वाट पाहिली नाही आणि कोठारापाशी आलेल्याची पात्रता तपासली नाही. इस्लाममधील जकातीचा विचार थोडा निराळा आहे. शिल्लक संपत्तीच्या अडीच टक्के देणे हे तेथे कर्तव्य आहे आणि कुराणात ती कोणासाठी वापरावी याचे आठ वर्ग सांगितले आहेत. गरजू, कर्जबाजारी आणि वाटेत अडकलेला प्रवासी हे त्यांतले. घेणाऱ्याचा तो हक्कच मानलेला आहे. पंगतीत माझ्या शेजारी बसणारी विडी कामगार मावशी हे मला माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत सांगून गेली: ‘हक्काचं हाय म्हणून खायाचं, उपकार म्हणून न्हाई.’

पात्रता तपासण्याची रीत आपल्याकडे कायद्याचे रूप घेऊन आली ती इंग्रजांबरोबर. इंग्लंडमध्ये १६०१ च्या गरिबांच्या कायद्याने गरिबांची जबाबदारी चर्चच्या परगण्यांवर टाकली आणि कर बसवून ती सक्तीची केली. हा मोठा टप्पा होता, पण काम करू शकणारा आणि न शकणारा अशी वाटणी त्यातच पक्की झाली. १८३४ च्या दुरुस्तीनंतर मदत मागणाऱ्याला शक्यतो श्रमगृहात पाठवायचे आणि तेथील जगणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराहून कष्टाचे ठेवायचे, असे ठरले. हाच विचार १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आपल्या भागात पोहोचला. व्हाइसरॉयने पाठवलेले अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीवरून दुष्काळी कामावरच्या पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली गेली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने तिच्याविरुद्ध सरकारकडे आवाज उठवला. ‘खरोखर उपाशी असेल तोच येईल’ हा त्यामागचा हिशेब. माझ्या मते आजच्या अनेक योजनांच्या अर्जांत तोच हिशेब शिल्लक आहे.

मात्र आपल्या परंपरेत सगळे सोन्याचे होते, असे लिहिणे खोटेपणाचे होईल. अन्न दिले जाई, पण पंगत एक नसे. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या मंदिराच्या दाराशी, पायरीजवळ आहे आणि ते दार दलितांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली ती याच उणिवेवर बोट ठेवून. रुग्णांच्या नातेवाइकांची आबाळही त्यांच्या परंपरेने ओळखली; मुंबईत दादरला कर्करोगाच्या रुग्णांसाठी त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही चालते. या अन्नछत्रात पंगत एकच आहे, हे मी अकरा दिवस पाहिले. कन्नड, तेलुगू, उर्दू, मराठी बोलणारे एकाच सतरंजीवर मिळेल त्या जागी बसतात.

विचारपूस करणे नेहमीच अपमानाचे असते, असेही मला म्हणायचे नाही. वडिलांच्या शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी योजनेत बसला तो रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक बाईंमुळे. त्यांनी मला खुर्ची दिली, उत्पन्न विचारले, घरी कोण कोण आहे, शेत कोण बघते हे विचारले आणि त्यातून कोणता कागद लागेल ते शोधले. बोस्टनच्या रुग्णालयात १९०५ मध्ये सुरू झालेले वैद्यकीय समाजकार्य आणि मुंबईत १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने उघडलेली समाजकार्य शिकवणारी देशातील पहिली संस्था, यांच्याकडून आलेली ही विद्या आहे. भुकेल्याला काही विचारू नये आणि आजाऱ्याला सगळे विचारावे, इतका साधा भेद मला येथे दोन इमारतींच्या मधल्या गल्लीत कळला.

आता उणिवा. संध्याकाळची पंगत आठ वाजता उठते, त्यामुळे रात्री अपघाताचा रुग्ण घेऊन आलेल्यांना काहीच मिळत नाही. निदान डब्यात झाकून ठेवलेली खिचडी मिळावी. गुडघे धरलेल्या वृद्धांसाठी चारच खुर्च्या आहेत. पिण्याच्या पाण्याचा नळ एक आहे आणि तेथे रांग लागते. वेळेचा फलक फक्त मराठीत आहे. विजयपूर, कलबुर्गी बाजूचे इतके रुग्ण येथे येतात की कन्नड फलक आठ दिवसांत लागायला हवा. मधुमेहींना हुग्गीच्या दिवशी दुसरे काही मिळत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी व्यवस्थापकांना पैसे देऊ केले. ‘ताई, पैसे नंतर कधीही द्या, उद्या सकाळी भाजी चिरायला माणूस कमी आहे,’ असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सात वाजता मी विळी घेऊन बसले आणि दोन पराती दोडके चिरले. वडिलांना सुट्टी मिळायला दुपार होणारच होती. दुपारची पहिली पंगत साडेअकराला बसते, सकाळी सात ते नऊ भाजीसाठी हात लागतात आणि विळ्या तेथेच मिळतात.