एका साच्यातल्या बुलेट्स: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेले नऊ महिने मी एका माणसाने आपल्या छोट्या वर्कशॉपमध्ये, हाताने प्रेस ओढून बनवलेल्या बुलेट्स वापरतोय. ६ मिमी, ६८ ग्रेन (ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम), सपाट बुडाच्या. रायफल ६ पीपीसी काडतुसाची, प्रकार बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून शॉट शक्य तितके एकमेकांजवळ पाडायची स्पर्धा), अंतर १०० आणि २०० यार्ड. तीन लॉट (लॉट म्हणजे एका खेपेला बनलेला माल) घेतले: ५००, ५०० आणि १५००. आतापर्यंत सुमारे सोळाशे झाडून झाल्या आहेत, म्हणून आता लिहायला हरकत नाही. पहिल्या पन्नास बुलेट्सनंतर लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहून बसलो असतो.

नवख्या वाचकासाठी आधी एक गोष्ट. इथे बुलेट म्हणजे अख्खं काडतूस नव्हे. पुंगळी, प्राइमर, दारू आणि बुलेट असे चार भाग हँडलोडर वेगवेगळे आणतो आणि आपल्या रायफलला मानवेल असं काडतूस स्वतः भरतो. नळीतून बाहेर जाऊन टार्गेटवर पोचते ती बुलेट. पुंगळी पुन्हा वापरता येते, बुलेट प्रत्येक वेळी नवी लागते.

आधी मी एका मोठ्या कारखान्याच्या मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, बुलेट्स वापरत होतो. त्या वाईट नव्हत्या. पण डबा उघडून बुडापासून ओजाइव्हपर्यंतची लांबी मोजायला बसलं की एकाच डब्यात दोन कुटुंबं सापडायची. अर्ध्या बुलेट्स एका मापाभोवती, उरलेल्या त्यापासून जवळपास चार थाऊ दूर. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५ मायक्रॉनच्या आसपास.) कारण साधं आहे. कारखान्यात एकाच नमुन्याच्या बुलेट्स अनेक यंत्रांवर पडत असतात. प्रत्येक यंत्राचा साचा वेगळा, त्याची झीज वेगळी, आणि शेवटी सगळा माल एका टोपलीत. ओजाइव्ह म्हणजे टोकाकडे निमुळता होत जाणारा बाक. नळीतल्या आट्यांना, म्हणजे बुलेटला फिरवणाऱ्या पिळदार चरांना, बुलेट पहिल्यांदा टेकते ती याच बाकावर. तिथे चार थाऊंचा फरक म्हणजे आट्यांपासूनचं अंतर प्रत्येक शॉटला बदलणार. म्हणून दर ५०० बुलेट्समागे माझ्या दोन संध्याकाळी केवळ निवडण्यात जायच्या.

छोट्या कारागिराकडे साचा एकच असतो. पहिल्या लॉटमधल्या शंभर बुलेट्स मी मोजल्या. बुड ते ओजाइव्ह सगळ्या अर्ध्या थाऊच्या आत, वजनाचा फरक एक दशांश ग्रेनच्या आत. कारखान्याच्या डब्यात हाच फरक तीन दशांशांपर्यंत जायचा. त्या दिवसापासून निवडणं बंद केलं, आता फक्त वीस बुलेट्स नमुन्याला मोजतो. माझ्या लेखी या बुलेट्सचा सर्वांत मोठा फायदा हाच.

त्या बनतात कशा हे समजून घेतलं तर पुढची तक्रारही नीट कळेल. शिशाची तार कापून तुकडे करायचे. ते साच्यात दाबायचे, जास्तीचं शिसं बारीक छिद्रातून बाहेर पडतं आणि सगळे तुकडे एका वजनाचे होतात. हा झाला कोअर. मग तो जॅकेटमध्ये, म्हणजे सुमारे ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त असलेल्या पातळ पेल्यात, दाबून बसवायचा. शेवटी टोकाच्या साच्यात पुढचा भाग आवळायचा. पेल्याचं उघडं तोंड पुढे येतं, म्हणून मॅच बुलेटच्या टोकाला बारीक भोक दिसतं. ते बनवण्याच्या पद्धतीतून राहिलेलं असतं. या पद्धतीचा लाभ असा की बुड अखंड आणि अक्षाला काटकोनात राहतं. नळीच्या तोंडातून सुटताना वायूचा शेवटचा धक्का बुडालाच बसतो, त्यामुळे टोकावरच्या ओरखड्यापेक्षा बुडावरचा ओरखडा कितीतरी जास्त महागात पडतो.

जॅकेटची भिंत सगळीकडे सारखी जाड असणं तर त्याहून महत्त्वाचं. माझ्या नळीचे आटे १४ इंचांत एक फेरा देतात. सेकंदाला ३,२०० फूट वेग धरला तर बुलेट मिनिटाला साधारण १,६४,००० फेरे घेते. भिंत एका बाजूला किंचित जाड असली की गुरुत्वमध्य अक्षापासून सरकतो. नळीत असेपर्यंत नळी बुलेटला आपल्या अक्षावर फिरवत असते, बाहेर पडल्यावर ती स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते आणि त्या क्षणी आडव्या दिशेला थोडी फेकली जाते. हे नंतर कुठल्याही कौशल्याने सुधारता येत नाही. छोटे कारागीर जॅकेट स्वतः बनवत नाहीत, विकत आणतात. म्हणजे कारागीर कितीही हुशार असो, त्याचा माल जॅकेटच्या लॉटपेक्षा चांगला होऊच शकत नाही.

आता टार्गेटवरचे आकडे. १०० यार्डांवर पाच शॉटचे ग्रुप (सर्वांत दूरच्या दोन भोकांतलं अंतर), सगळे धरून, वाईट दिवस न वगळता. कारखान्याच्या निवडलेल्या बुलेट्सची माझी सरासरी ०.३१ इंच होती. पहिल्या लॉटची ०.२४ आली, तिसऱ्याची ०.२३. यातला काही वाटा मी वाऱ्याचे झेंडे जास्त नीट वाचायला शिकलो त्याचाही असणार. पण २०० यार्डांवर उभ्या रेषेत होणारी पसरण कमी झाली, आणि त्याचा वाऱ्याशी फारसा संबंध नाही.

दुसऱ्या लॉटने मात्र मनस्ताप दिला. पहिला संपत आला तसा तो आला, डब्यावर तेच नाव, तेच वजन. मी काडतुसाची जुनीच मापं ठेवली आणि स्पर्धेला गेलो. ग्रुप फुटले. चार शॉट एका भोकात आणि पाचवा अर्धा इंच बाहेर, असं पुन्हा पुन्हा. घरी येऊन मोजलं तर बुड ते ओजाइव्ह पहिल्या लॉटपेक्षा सहा थाऊंचा फरक. विचारल्यावर कळलं की मध्ये टोकाचा साचा पॉलिश केला होता आणि जॅकेटचा लॉटही बदलला होता. डब्यावर चार शब्द लिहिले असते तर माझी स्पर्धा गेली नसती. चूक माझीही आहे. नवा लॉट म्हणजे नवी बुलेट समजून पुन्हा मोजायचं, ही शिकवण मला माहीत होती. आणि प्रश्न फक्त अचूकतेचा नाही. बुलेट आट्यांना टेकून बसली की दाब वाढतो. कमाल भाराच्या जवळ काम करणाऱ्याने असा बदल झाल्यावर दारू कमी करून, दारूच्या कंपनीचा तक्ता समोर ठेवून, पुन्हा खालूनच वर यायला हवं.

बसवण्याची खोली दुरुस्त केल्यावर ग्रुप आवळले, पण अधूनमधून भरकटणारा शॉट गेला नाही. शेवटी त्या लॉटमधल्या दहा बुलेट्स मी उभ्या कापून पाहिल्या. तीनमध्ये कोअर आणि जॅकेटच्या मध्ये लॅनोलिनचा (लोकरीतून मिळणाऱ्या वंगणाचा) चिकट थर राहिलेला होता. साच्यात कोअर दाबताना वंगण लागतंच, पण जॅकेटमध्ये घालण्याआधी ते पूर्ण धुऊन काढावं लागतं. नाही काढलं तर फेऱ्यांच्या जोरात जॅकेट फिरतं आणि आतलं शिसं मागे रेंगाळतं. कापलेल्या बुलेट्सचे फोटो कारागिराला पाठवले. त्याने वाद घातला नाही, उरलेल्या बदलून देतो म्हणाला, आणि तिसऱ्या लॉटपासून प्रत्येक डब्यावर जॅकेटचा लॉट, साच्याची तारीख आणि ओजाइव्हचं माप असा कागद येतो. मी अजूनही त्याचाच ग्राहक आहे त्याचं मुख्य कारण हा कागद.

उपलब्धता हा या बुलेट्सचा खरा दोष. पहिल्या लॉटला अकरा आठवडे लागले. तिसरा सहा आठवड्यांत येणार होता, चार महिन्यांनी आला, कारण जॅकेट मिळत नव्हते. पत्रा साच्यातून खोल ओढून जॅकेट बनवायला मोठी यंत्रं लागतात, ती असणारे मोजकेच. शिशाची तार मिळते, प्रेस मिळतो, जॅकेटशिवाय मात्र सगळं ठप्प. मधले दीड महिने मी पुन्हा कारखान्याच्या बुलेट्स निवडत बसलो होतो.

ही अडचण जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत बुलेट्स मिळेनात, तेव्हा फ्रेड हंटिंग्टन यांनी .२२ रिमफायर या बारीक काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्यांना जॅकेट करून बुलेट दाबायचे साचे बनवले. हँडलोडिंगची साधनं बनवणाऱ्या आरसीबीएस कंपनीचं नाव तिथूनच आलं: रॉक चक बुलेट स्वेज. बर्गर बुलेट्सच्या वॉल्ट बर्गर यांनीही १९५५ मध्ये स्वतःच्या बेंचरेस्टसाठीच बुलेट्स बनवायला सुरुवात केली होती. आज मोठी झालेली ही नावं एकेकाळी एका टेबलावरच्या प्रेसपाशीच होती, हे आठवलं की माझ्या कारागिराच्या उशिराचा राग जरा निवळतो.

लेथवर तांब्यातून कातलेल्या बुलेट्सही मी थोड्या पाहिल्या. जॅकेट लागत नाही, म्हणून त्या जास्त नियमित मिळतात. पण तांब्याची घनता ८.९६ आणि शिशाची ११.३४, त्यामुळे त्याच वजनाला बुलेट लांब होते आणि लांब बुलेटला जास्त वेगाने फिरवणारी नळी लागते. माझ्या १४ इंचांच्या आट्यांना ते जमण्यासारखं नाही. ज्यांच्या नळीचे आटे ८ इंचांत एक फेरा देतात त्यांनी जरूर विचार करावा.

घ्याव्यात का? आठवड्याला वीस-तीस शॉट मारणाऱ्याला, किंवा ज्याची रायफल अर्ध्या इंचाच्या आत येत नाही त्याला, मी नको म्हणेन. त्याला फरक दिसणार नाही आणि वाट मात्र बघावी लागेल. बेंचरेस्ट खेळणाऱ्याने घ्याव्यात, पण ५०० च्या डब्यांत नाही. पूर्ण हंगामाच्या एकाच लॉटमध्ये, एकाच साच्याच्या, एकदम. आणि नळी बदलायची असेल तर ऑर्डर त्याच्या आधी तीन-चार महिने.

तिसऱ्या लॉटच्या ९०० उरल्या आहेत. सरावाला कारखान्याच्या, स्पर्धेला या, असं वाटून घेतलंय. पुढच्या दोन हजारांची ऑर्डर गेल्या आठवड्यात दिली, सोबत तिसऱ्या लॉटच्या पाच बुलेट्स नमुना म्हणून पाठवल्या आहेत, साचा त्यांच्याशी ताडून बघायला.