एप्सन आर-डी१ : नऊ महिने वापरला, मग विकायला नेला

मार्चमध्ये टोकियोच्या शिंजुकू भागातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या एका दुकानातून एप्सन आर-डी१ घेतला, १ लाख २८ हजार येनला. डिसेंबरात पैशांची नड आली म्हणून जवळच्याच दुसऱ्या दुकानात नेला, तर त्यांनी ८२ हजार सांगितले. ‘याची किंमत पडत नाही’ हे मीही खूप ऐकलं होतं. ते खरं आहे, पण दुकानाच्या काचेआडच्या चिठ्ठीपुरतं. तुमच्या हातात येणारा आकडा वेगळा असतो.

२००४ साली आलेला हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर, म्हणजे खिडकीतून दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायचा कॅमेरा. बॉडी कोसिना या जपानी कंपनीची, लेन्स बसवायचा माउंट लायका एमचा. आतला ६ मेगापिक्सेलचा सीसीडी सेन्सर निकॉन डी१०० मध्ये होता त्याच जातीचा, आणि डी१०० आज मातीमोल झालाय. म्हणजे लोक पैसे मोजतात ते सेन्सरसाठी नाही. डिजिटल असूनही प्रत्येक फोटोनंतर अंगठ्याने लिव्हर ओढून शटर चढवायचं, वर घड्याळासारखी काट्यांची तबकडी. बटण चालू केलं की उरलेल्या फोटोंचा काटा सरकत जागेवर जातो. नऊ महिन्यांत मला त्याचा एकदाही कंटाळा आला नाही. व्ह्यूफाइंडर १:१ आहे, म्हणजे त्यातून सगळं नुसत्या डोळ्याला दिसतं तेवढंच दिसतं, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येतं. आराकावा नदीच्या काठावर पळणारी माझी मुलगी चौकटीत शिरण्याआधीच मला दिसते. हे दुसऱ्या कुठल्या डिजिटल कॅमेऱ्यात मला मिळालेलं नाही.

अडचणी आहेत. २ जीबीपेक्षा मोठं कार्ड चालत नाही, आणि रॉ (सेन्सरवरून आलेली, प्रक्रिया न केलेली) फाइल साधारण दहा एमबीची. तेवढ्यात माझं भागतं.

आता विक्रीचं. दुकानातल्या गृहस्थांनी आधी कॅमेरा डोळ्याला लावून समोरच्या इमारतीवरची आडवी पाटी पाहिली. दोन प्रतिमांपैकी एक केसभर वर होती. फोकसला त्याने फरक पडत नव्हता, म्हणून माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मग चारही काटे तपासले, सेन्सरवरचे खराब ठिपके दिसावेत म्हणून लेन्सवर झाकण लावून एक फोटो काढला आणि आकडा लिहिला. लायका एम९चा मूळ सेन्सर खराब होतो, म्हणून तो विकताना जसं ‘सेन्सर बदललाय का?’ हे आधी विचारतात, तसं इथे रेंजफाइंडर जुळतोय का, हे आधी बघतात. घेताना तुम्हीही दूरची आडवी रेघ पाहून घ्या.

एका म्हाताऱ्या कारागिराने हॉटशूच्या (वर फ्लॅश बसवायच्या खाचेच्या) पट्टीखालचा स्क्रू फिरवून ती प्रतिमा जुळवली, ९ हजार येन घेतले. त्यानंतर त्याच दुकानाने १ लाख ४ हजार देऊ केले. तरी दिला नाही. नड भागवायला दोन लेन्स विकल्या. त्यांना जवळपास घेतलेलीच किंमत आली. आता एक ३५ मिमीची उरली आहे, ती बॉडीवरच असते.