१९७० ची प्लिमथ डस्टर रोजची गाडी म्हणून: घरच्या रिस्टोरेशननंतरचा अनुभव

घरच्या गॅरेजमध्ये रिस्टोर केलेली १९७० ची डस्टर गेले कित्येक महिने माझी रोजची गाडी आहे. कामावर जाणं, बाजारहाट, रात्री-अपरात्री कुणाला आणायला जाणं, अधूनमधून हायवेचा लांब पल्ला, सगळं तिच्यावरच चालतं. ऊन, पाऊस, थंडी तिन्ही झाली. त्यामुळे आता खात्रीने सांगतो: साठ-सत्तरच्या दशकातली मसल कार (म्हणजे ताकदवान इंजिनाची अमेरिकन गाडी) रोज वापरता येते, आणि रोज वापरली तर ती नुसत्या उभ्या गाडीपेक्षा जास्त धड राहते. फक्त कोणत्या कामाला आधी हात घालायचा हे रोजच्या वापराकडे बघून ठरवावं लागतं, प्रदर्शनाकडे बघून नाही.

आधी गाडीबद्दल थोडं. डस्टर म्हणजे मुळात प्लिमथची (क्रायस्लर कंपनीचा एक ब्रँड) साधी व्हॅलियंट, तिला मागे उतरत्या छताची दोन दारांची बॉडी बसवलेली. नाक तेच, १०८ इंचांचा व्हीलबेसही तोच. त्यामुळे त्या काळच्या मोठ्या मसल गाड्यांच्या मानाने ती आटोपशीर आहे आणि पार्किंगला घाम फोडत नाही. १९७० ते १९७६ या मॉडेल वर्षांत ती बनली. नावाजलेली आवृत्ती ३४० क्यूबिक इंचांच्या इंजिनची, २७५ हॉर्सपॉवरची. माझ्याकडे ३१८ आहे: दोन बॅरलचा कार्बोरेटर, २३० हॉर्सपॉवर. काही जण ३१८ ला मसल कार म्हणायलाच तयार नसतात. त्यांचं मत त्यांच्यापाशी. रोजच्या वापराला मी आजही ३१८ च घेईन. दोन्ही इंजिनं क्रायस्लरच्या एकाच ‘एलए’ व्ही-८ घराण्यातली, स्ट्रोकही सारखाच, ३.३१ इंच. पण ३४० चं कॉम्प्रेशन १०.५ ला १ असल्यामुळे त्याला चढ्या ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. ३१८ साध्या पेट्रोलवर नॉकिंग न करता चालतं. आणि त्या हॉर्सपॉवरच्या आकड्यांवर फार जाऊ नये. १९७१ पर्यंत अमेरिकेत ग्रॉस पॉवर छापत, म्हणजे इंजिन टेस्ट बेंचवर, गाडीतला सायलेन्सर आणि इतर लवाजमा काढून मोजलेली. १९७२ पासून नेट आकडे छापायला लागले आणि ३१८ कागदावर थेट १५० वर आलं.

बॉडीचं काम सगळ्यात वेळखाऊ होतं, आणि वापरात त्याचंच सगळ्यात जास्त समाधान मिळतंय. या गाडीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते. म्हणून फ्लोअर कापण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटींत आडवे पाइप टाचून घेतले. ते न करता फ्लोअर कापला की बॉडी मिलिमीटरभर बसते आणि मग दारं जन्मभर नीट लागत नाहीत. पत्रा सांधताना मिग वेल्डिंगचा एक टिपका इथे, दुसरा वीतभर लांब, मग हात लावून बघायचं, गार झाला असेल तरच पुढचा. सलग रेघ ओढली की पत्रा तापतो, त्याला लाटा येतात, आणि त्या लाटा पुट्टीखाली लपवाव्या लागतात. पुट्टी मी जवळपास वापरलीच नाही. दारं आजही दोन बोटांनी ढकलली की लागतात.

गंजाच्या जागा ठरलेल्या असतात: डिकीचा तळ, मागच्या पाट्यांच्या हँगरजवळच्या रेल, मागच्या चाकांमागचा खालचा पत्रा. पण दोन जागा अशा आहेत की गाडी घेतानाच तिथे टॉर्च मारून बघा. एक म्हणजे पुढच्या सीटखालचा आडवा क्रॉसमेंबर, ज्यात टॉर्शन बारची मागची टोकं अडकवलेली असतात. पुढच्या सस्पेन्शनला स्प्रिंगऐवजी हेच पिळाचे लांब बार आहेत, गाडीच्या नाकाचा सगळा भार त्या क्रॉसमेंबरवर. तो कुजलेला असेल तर गाडी सोडून द्या, किंमत कितीही मोहात पाडणारी असो. दुसरी जागा विंडस्क्रीनखालचा काउल. आत दोन पत्र्यांमधली पोकळी आहे, तिथे पालापाचोळा साठतो, ओल धरतो, आणि पाऊस पडला की पाणी थेट पायाशी उतरतं. वरून काहीच दिसत नाही. मी वरचा पत्रा वेल्डिंगचे टिपके ड्रिल करून सोडवला, खालचा नवा बसवला, इपॉक्सी प्रायमर मारला आणि बंद केल्यावर आत मेण फवारलं. मुसळधार पावसात कार्पेट कोरडं राहतं, आणि एवढ्या एका कामासाठी ते सगळे आठवडे सार्थकी लागले असं मला वाटतं.

रंग एकेरी मारला आहे, वर क्लिअर कोट नाही. ओरखडा पडला तर घासून पॉलिश करता येतो. रोजच्या गाडीला हेच बरं.

आता वायरिंग, कारण या काळातल्या क्रायस्लरच्या गाड्या रस्त्यात अडवतात त्या बहुतेक वेळा इथे. मूळ रचनेत बॅटरी चार्ज करणारा आणि गाडीला लागणारा जवळपास सगळा करंट फायरवॉलमधल्या एका प्लॅस्टिकच्या कनेक्टरमधून डॅशबोर्डवरच्या अँमीटरपर्यंत जातो आणि परत बाहेर येतो. पन्नास वर्षांत त्या चपट्या पिना काळ्या पडतात, सैल होतात, तापतात. त्यात कुणी जास्त ताकदीचे दिवे, पंखा, म्युझिक सिस्टिम जोडली की प्लॅस्टिक वितळतं. माझ्या गाडीतला कनेक्टर काढला तेव्हा दोन पिनांभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन ओघळलं होतं. मी जाड वायर अल्टरनेटरपासून थेट बॅटरीकडे नेली, मध्ये फ्युजिबल लिंक (करंट जास्त झाला की वितळून तुटणारी तार) घातली, अँमीटर सर्किटमधून काढून त्याच जागी व्होल्टमीटर बसवला. हेडलाइटना रिले दिले. आधी दिव्यांचा सगळा भार डॅशबोर्डच्या स्विचवर होता. आता स्विच फक्त रिले चालवतो. रात्रीच्या पावसात याचा फरक कळतो: व्होल्टेज पूर्ण पोचतं, दिवे पांढरे लागतात. इंजिनच्या नव्या कामापेक्षा या दोन दिवसांच्या कामाने गाडीवरचा माझा विश्वास जास्त वाढला. डॅशमागचा व्होल्टेज लिमिटरही बदलून घ्या. पेट्रोल आणि टेंपरेचरचे काटे त्यावर चालतात. तो बिघडला की काटे जळतात.

ब्रेकचं सांगायचं तर माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम होते. एकदा जोरात दाबले तर लागतात. घाटातून उतरताना तिसऱ्या-चौथ्या वेळी पेडल तेवढंच कडक राहतं आणि गाडी मात्र थांबायला नको म्हणते. आजूबाजूच्या गाड्या डिस्क आणि एबीएसवर थांबतात, आपल्याला त्यांच्याच मध्ये थांबायचं असतं. म्हणून पुढे १९७३ नंतरच्या डस्टरचे किंवा तिच्या डॉज भावंडाचे, डार्टचे, डिस्क, त्यांचे स्पिंडल आणि वरचे कंट्रोल आर्म घेतले. आर्मही लागतात, कारण बॉल जॉइंटचा आकार वेगळा आहे. इथे एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. जुन्या हबवर चाकाच्या बोल्टचं वर्तुळ ४ इंचांचं, नव्यावर साडेचार इंचांचं. फक्त पुढचं बदललं तर स्टेपनी एकाच टोकाला बसेल, आणि पंक्चर नेमकं दुसऱ्या टोकाला व्हायचं. म्हणून मागचे ॲक्सल शाफ्टही साडेचारचे टाकले. त्याबरोबर डाव्या बाजूचे उलट्या आट्यांचे नटही गेले. १९७० पर्यंत क्रायस्लर डाव्या चाकांना उलटे आटे देत असे. टायरवाल्याला ते माहीत नसलं की तो एअर गन लावून स्टडच तोडतो.

इंजिन उघडलं तेव्हा हेडमध्ये एक्झॉस्टला कडक व्हॉल्व सीट बसवून घेतल्या. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलसाठी बनलेलं. शिसं सीटवर थर धरायचं आणि झीज रोखायचं. आज ते नाही आणि रोजच्या हायवेच्या वेगात मऊ सीट खचत जाते. कॅमशाफ्ट फ्लॅट टॅपेटचा आहे, म्हणजे त्याचे लोब सपाट टॅपेटवर घासत फिरतात, म्हणून ऑइल जस्त-फॉस्फरस जास्त असलेलंच घालतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून आधुनिक ऑइलमध्ये ते प्रमाण कमी केलेलं असतं, आणि त्याने कॅमचे लोब झिजतात. पहिल्यांदा चालू केल्यावर कॅम बसेपर्यंत इंजिन आयडलवर आणायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर धरायचं. त्या वेळी कुणीतरी शेजारी रेडिएटरवर लक्ष ठेवायला असावं.

रोजचं सांगायचं तर सकाळी पेडल एकदा तळापर्यंत दाबून सोडायचं म्हणजे चोक लागतो, मग किल्ली. क्रायस्लरच्या गिअर रिडक्शन स्टार्टरचा तो वरच्या पट्टीतला कण्हल्यासारखा आवाज येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यात इंजिन धरतं. रोज चालवण्याचा पहिला फायदा इथेच दिसतो. गाडी आठवडाभर उभी राहिली तर कार्बोरेटरच्या बाउलमधलं पेट्रोल उडून जातं आणि मेकॅनिकल पंप ते परत भरेपर्यंत सेल्फ मारत बसावं लागतं. टॉर्कफ्लाइट या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरतं, मग गिअर टाकला तरी गाडी क्षणभर हलत नाही. व्हील सिलिंडर चिकटतात, सील वाळतात, टाकीत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढतं. रोज चालणाऱ्या गाडीत यातलं काहीच होत नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत बारीकसारीक गळत्या, सैल नट, एक खडखडणारा एक्झॉस्ट क्लॅम्प, हे सगळं वर आलं आणि एकेक करून मिटलं. गॅरेजमध्ये उभी असती तर यातलं काहीच कळलं नसतं. आता संध्याकाळी बोनेट उघडतो तो बहुतेक वेळा नुसता बघायला. गिअरबॉक्सचं ऑइल तपासताना इंजिन चालू ठेवून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. पार्कमध्ये पंप ते नीट फिरवत नाही आणि काडीवर चुकीची पातळी दिसते. थ्रॉटलपासून गिअरबॉक्सकडे जाणारा लिंकेजही बरोबर लावलेला असावा, नाहीतर आतले क्लच घसरून जळतात.

त्रास उरलेला आहे तो उन्हाचा. कडक उन्हात लांब चालवून गाडी दहा मिनिटं थांबवली की इंजिनच्या उष्णतेने कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळतं. पुन्हा चालू करताना पेडल पूर्ण दाबून धरावं लागतं, सुरुवातीला इंजिन थोडं अडखळतं. कार्बोरेटरखाली जाड फिनॉलिक (उष्णता अडवणारा) स्पेसर घातला, पेट्रोलची लाइन इंजिनपासून लांब नेली, टाकीकडे रिटर्न देणारा फिल्टर बसवला. बराच फरक पडला, पूर्ण गेलं नाही. इंजिन तापण्याची तक्रार मात्र नाही. २२ इंचांचा रेडिएटर आणि पंख्याभोवतीचं शराउड नीट असेल तर ट्रॅफिकमध्ये काटा मध्येच राहतो. शराउड काढून टाकलेल्या गाड्या पाहतो तेव्हा वाईट वाटतं. उभ्या गाडीत पंखा हवा ओढतो ती त्याच्याचमुळे रेडिएटरमधून येते.

चालवायला ती कशी आहे? साध्या स्टिअरिंगचं प्रमाण २४ ला १, उभ्या गाडीत वळवायला दंड लागतात. चालू लागली की हलकं. तेव्हाचे अलाइनमेंटचे आकडे जुन्या पद्धतीच्या बायस-प्लाय टायरसाठी होते. रेडियल टायर असतील तर कॅस्टर (पुढच्या चाकांच्या वळण्याच्या अक्षाचा मागे कललेला कोन) वाढवून घ्या. वरच्या कंट्रोल आर्मला ऑफसेट बुश टाकून तो मिळतो, आणि मग हायवेवर गाडी सरळ राहते. पिकअप कमी आरपीएमपासूनच येतो, सिग्नल सुटला की जोर लावावा लागत नाही. ॲव्हरेज लिटरला सहा किलोमीटरच्या आसपास. ज्याला ते परवडत नाही त्याने रोजची म्हणून ही गाडी घेऊ नये, हे स्पष्टच सांगतो. सुरक्षिततेतही मर्यादा आहेत: एअरबॅग नाही, दारात आडवा बार नाही. मी पुढे रिट्रॅक्टर असलेले तीन बिंदूंचे पट्टे बसवले आणि अंतर ठेवूनच चालवतो.

नव्याने बनवलेल्या सुट्या भागांबद्दल मात्र नाराज आहे. दारांचं रबर इतकं जाड आलं की दार लागेना, बदलून आणावं लागलं. इग्निशनचे नवे कंडेन्सर तर विश्वासाचे नाहीत. जुना चालू असेल तर फेकू नका, ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा; त्याच्या शेजारी एक बॅलास्ट रेझिस्टर आणि पॉइंटचा सेट. पॉइंटची गॅप ०.०१७ इंच.

हायवेवरचा आवाज हे शेवटचं राहिलेलं काम. गिअर तीनच, ओव्हरड्राइव्ह नाही. ३.२३ च्या डिफरन्शियलवर ताशी १०० किलोमीटरला इंजिन २६०० च्या आसपास फिरतं. नंतरच्या काळातला चार गिअरचा ऑटोमॅटिक बसवता येतो, पण त्याला तोच टॉर्शन बारचा क्रॉसमेंबर आणि वरचा बोगदा कापावा लागतो, आणि माझा तो पत्रा मूळचा, निरोगी आहे. त्याला हात लावणार नाही. माझ्या गाडीला पावणेनऊ इंची ॲक्सल आहे, त्यात डिफरन्शियलचा गोळा पुढून अख्खा निघतो. २.७६ चा गोळा मिळवून ठेवला आहे. त्याने तेवढ्याच वेगाला आरपीएम २२०० वर येईल. पहिला गिअर २.४५ चा असल्यामुळे सुरुवातीची उचल थोडी मऊ होईल, ती मला चालेल.