पन्नाशीपुढच्या कामगारांवरचं एचआर वर्कशॉप घ्यावं का? ५ पैकी २ स्टार

चाकणच्या आमच्या प्लांटमध्ये नुकतंच एका ट्रेनिंगवाल्यांचं दिवसभराचं वर्कशॉप झालं, विषय होता पन्नाशी ओलांडलेले कामगार, त्यांचं मानसशास्त्र आणि त्यांच्याकडून काम कसं करून घ्यायचं. नाव टाकत नाहीये, कारण हेच पॅकेज थोड्याफार फरकाने बरेच जण विकतात, स्लाइडसुद्धा त्याच फिरत असतात, त्यामुळे तुमच्याकडे असलं काही येणार असेल तर हा रिव्ह्यू उपयोगी पडेल. मी एचआरला आहे, त्याआधी सायकॉलॉजीत एम.ए. केलंय, त्यामुळे स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरात जी नावं आणि सालं असतात ती मी वाचते. यावेळी ती वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. कारण अशा वर्कशॉपनंतरच मॅनेजर लोक बसून ठरवतात की रोबोटच्या ट्रेनिंगला कोणाला पाठवायचं, व्हीआरएससाठी कोणाशी बोलायचं, ५८ नंतर एक्स्टेंशन कोणाला द्यायचं. "रिसर्च सांगतो" एवढं एकदा कानावर पडलं की समोरच्या माणसाकडे बघायची कोणाला गरजच वाटत नाही.

आधी चांगलं. सगळं मराठीत होतं, ट्रेनर मॅडम बोलायला छान, कोणालाही कमी लेखलं नाही, टूलरूम आणि मेंटेनन्सच्या लोकांनाही बसवलं होतं हे तर मला फारच आवडलं, नाहीतर यांच्याबद्दलच्या गोष्टी यांच्या गैरहजेरीत होतात. वेळ पाळली. २ स्टार यासाठीच आणि शेवटच्या सेशनसाठी, त्याबद्दल खाली लिहिते.

आता मुख्य तक्रार. पहिल्याच तासात मोठी स्लाइड आली की वय वाढलं की माणूस नवीन शिकायला तयार नसतो, हे दोन लाख लोकांवर सिद्ध झालंय. खाली लिहिलेलं एनजी आणि फेल्डमन, २०१२. आता हा अभ्यास खरा आहे आणि चांगला आहे, ४१८ अभ्यासांचा एकत्र हिशोब आहे, माणसं २ लाख ८ हजारांच्या वर. पण त्यात त्यांनी वयस्कर कामगारांबद्दलचे सहा समज तपासले होते. त्यांना कामाची उमेद कमी असते, ते ट्रेनिंग आणि करिअरच्या बाबतीत मागे राहतात, बदलाला विरोध करतात, विश्वास कमी ठेवतात, तब्येतीने कमजोर असतात, घर आणि काम यात त्यांची जास्त ओढाताण होते. सहापैकी पाच समज आकड्यांपुढे टिकलेच नाहीत! टिकला तो फक्त ट्रेनिंगवाला. म्हणजे ज्या पेपरचं मुख्य सांगणं असं की तुमचे बहुतेक समज चुकीचे आहेत, त्यातला एकच उचलून स्लाइड केली आणि बाकीचे पाच आमच्यापर्यंत आलेच नाहीत. ही साधी चूक नाही, हॉलमधल्या त्या लोकांच्या पुढच्या काही वर्षांचा प्रश्न आहे.

बरं तो एक समज टिकला म्हणजे तरी काय? ट्रेनिंगला जायची इच्छा कमी दिसते, पण का कमी दिसते हे अशा आकड्यातून कळत नाही. १९७६ मध्ये रोझेन आणि जर्डी या दोघांनी बिझनेसच्या विद्यार्थ्यांना मॅनेजरच्या जागी बसवून काही प्रसंग कागदावर दिले, प्रसंग तोच, माहिती तीच, फक्त कामगाराचं वय बदललेलं. वय जास्त दिसलं की त्याला ट्रेनिंगला पाठवायची मंजुरी कमी मिळायची. आता हा अभ्यासही डोळे झाकून घेऊ नये, ते विद्यार्थी होते, खरे मॅनेजर नव्हते, आणि त्याला पन्नास वर्षं होत आली. पण प्रश्न बरोबर विचारलाय त्यांनी. वर्षानुवर्षं नॉमिनेशन लिस्टमध्ये ज्याचं नाव आलं नाही त्या माणसाने सर्व्हेत ट्रेनिंगमध्ये रस नाही असं लिहिलं तर तो त्याचा स्वभाव म्हणायचा की आमच्या डिपार्टमेंटचा इतिहास? मी हे हॉलमध्ये विचारलं तर उत्तर आलं की आपण पुढे बघू. पुढे काही आलं नाही.

दुपारी जेवणानंतर ती चालण्याची गोष्ट आली, जवळपास प्रत्येक ट्रेनर सांगतो ती. १९९६, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, बार्ग आणि सहकारी. विद्यार्थ्यांना उलटसुलट शब्दांची वाक्यं जुळवायला दिली, काहींच्या वाक्यांत म्हातारपणाशी जोडलेले शब्द घातले होते, आणि ती पोरं नंतर कॉरिडॉरमधून हळू चालली म्हणे. यावरून मॅडमनी सांगितलं की "काका" म्हणून हाक मारली तरी माणसाचा कामाचा स्पीड कमी होतो, म्हणून शॉपफ्लोअरवर काका म्हणणं बंद करा. आमच्या लाइनवरचे सगळेच जण एकमेकांकडे बघायला लागले, कारण तिथे काका हा मान आहे, नवीन पोरगा सुद्धा "काका जरा हे सेटिंग बघता का" असंच म्हणतो आणि काका येऊन सेटिंग लावून देतात.

पण मुद्दा तो नाही. तो प्रयोग पुढे टिकला नाही, हे सांगायला हवं होतं. २०१२ मध्ये ब्रसेल्सला डोयेन आणि त्यांच्या टीमने तोच प्रयोग जास्त लोकांवर केला आणि वेळ मोजायला हातातलं घड्याळ न वापरता इन्फ्रारेड सेन्सर लावले. परिणाम काहीच दिसला नाही. मग त्यांनी आणखी एक केलं, प्रयोग घेणाऱ्यांपैकी काहींना आधीच सांगून ठेवलं की लोक आता हळू चालणार आहेत. आणि जिथे घेणाऱ्याच्या मनात ही अपेक्षा होती तिथेच माणसं हळू चालली. मला वाटतं या सगळ्या दिवसात आमच्या सुपरवायझर लोकांनी ऐकण्यासारखी गोष्ट जर कुठली असेल तर हीच होती, कारण अप्रेजलचे मार्क सुपरवायझर देतो आणि वयाबद्दलची अपेक्षा त्याच्या डोक्यात आधीच असते, आणि आपल्याकडे तिथे कुठलाही सेन्सर नसतो. सायकॉलॉजीत आता सगळ्यांना माहीत आहे की जुने गाजलेले प्रयोग पुन्हा करून बघावे लागतात. २०१५ मध्ये १०० अभ्यास पुन्हा करून बघितले तेव्हा साधारण ३६ टक्क्यांतच निकाल पुन्हा ठामपणे आला. हे माहीत असून जुनी गोष्ट तशीच सांगत राहणं आणि त्याचे पैसे घेणं मला पटत नाही.

मग बेबी बूमर, जेन एक्स, मिलेनियल, म्हणजे जन्मसालावरून पिढ्या पाडून त्यांना दिलेली लेबलं. यावर अख्खं सेशन. बूमर म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मदर वाढला त्या काळातली मुलं, त्या खोक्यात आमचे जुन्नर-खेडकडचे १९६४ ला जन्मलेले फिटर कसे बसवायचे? आणि तिकडे तरी हे टिकतं का, तर २०१२ मध्ये कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी पिढ्यांमधला फरक तपासणारे अभ्यास एकत्र केले तर समाधान, कंपनीशी बांधिलकी, नोकरी सोडायची इच्छा या तिन्हीत फरक नगण्य किंवा अगदी थोडा निघाला. २०२० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या सरकारला सल्ला देणाऱ्या विज्ञानसंस्थेने तर यावर पूर्ण रिपोर्ट काढला आणि कामगारांचं व्यवस्थापन या पिढ्यांच्या लेबलवरून करू नका असंच सांगितलं. हे सेशन मी असते तर पूर्ण काढून टाकलं असतं.

वयाचा परिणाम मोजण्यात एक अडचण आहे ती मात्र समजून घ्यायला हवी. आज एकाच दिवशी २५ वर्षांच्या आणि ५५ वर्षांच्या माणसाची बुद्धीची टेस्ट घेतली आणि ५५ वाल्याला मार्क कमी पडले तर ते वयामुळे, की तो ज्या शाळेत शिकला त्यामुळे, की त्याने अशी टेस्ट आयुष्यात कधी दिलीच नाही त्यामुळे? मानसशास्त्रज्ञ शाय यांनी १९५६ मध्ये सिॲटलला एक अभ्यास सुरू केला आणि दर सात वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा तपासत गेले. एकाच वेळी वेगवेगळ्या वयाची माणसं मोजली की उतार लवकर सुरू झालेला दिसतो, तीच माणसं वर्षानुवर्षं मोजली की तो बराच उशिरा दिसतो. अर्थात यालाही दुसरी बाजू आहे, पुन्हा पुन्हा टेस्ट देऊन सराव होतो आणि ज्यांची तब्येत ढासळते ते मधेच गळतात, त्यामुळे हे चित्र खऱ्यापेक्षा जास्त चांगलं दिसू शकतं. वर्कशॉपमध्ये मेंदूचा जो ग्राफ दाखवला तो पहिल्या प्रकारचा होता आणि तो दाखवून मॅडम म्हणाल्या की तिशीनंतर आपण सगळे उतरणीला लागतो. हॉलमध्ये तिशीच्या आतले फार थोडे होते, वातावरण एकदम पडलं.

याच विषयावर सॉल्टहाऊस यांचा १९८४ चा टायपिस्टवरचा अभ्यास दाखवला असता तर किती बरं झालं असतं. १९ ते ७२ वयाचे टायपिस्ट होते. नुसतं सिग्नल दिसल्यावर बटण दाबण्यात वयस्कर मागे पडले, पण टायपिंगचा वेग मात्र वयाने कमी झाला नाही, कारण ते पुढची अक्षरं जास्त लांबून वाचून ठेवत होते. आमच्या फायनल इन्स्पेक्शनला उभ्या असलेल्या माणसाला हे सांगा, तो लगेच म्हणेल की हो, मी पण पार्ट हातात यायच्या आधीच बघतो.

आता शेवटचं सेशन, जे मला आवडलं. बीएमडब्ल्यूचा जर्मनीतला डिंगोल्फिंग प्लांट, २००७. पुढच्या दहा वर्षांत कामगारांचं सरासरी वय ४७ होणार हे दिसल्यावर त्यांनी एका लाइनवर आत्ताच तशी माणसं उभी केली, ४२ जण, आणि त्यांनाच विचारून सत्तरेक छोटे बदल केले. लाकडी फ्लोअर, वेगळे बूट, बसून काम करायला खुर्च्या, बारीक पार्टसाठी भिंग, स्क्रीनवर मोठी अक्षरं, मधेमधे स्ट्रेचिंग. खर्च साधारण ४० हजार युरो, त्यात निम्मा कामगारांच्या वेळेचा. वर्षभरात प्रॉडक्टिव्हिटी ७ टक्क्यांनी वाढली. हे ऐकताना पहिल्यांदाच हॉल जागा झाला, आमच्या लोकांनी लगेच कुठलं स्टेशन खाली आहे, कुठे वाकावं लागतं ते सांगायला सुरुवात केली.

पण मॅडमनी निष्कर्ष काढला की बघा, अनुभवी माणसं तरुणांपेक्षा भारी. असं त्यातून निघत नाही. एकच लाइन होती, चिठ्ठ्या टाकून निवडलेली दुसरी तुलनेची लाइन नव्हती, सगळ्या मॅनेजमेंटचं लक्ष तिथे होतं, त्यामुळे फायदा खुर्चीने झाला की कोणीतरी विचारलं म्हणून झाला हे वेगळं करता येत नाही. वयस्करांचं कौतुक करणारा अभ्यास असला म्हणून त्याला सूट द्यायची नाही, कारण उद्या कोणी हाच पोकळपणा दाखवला की चांगल्या मागण्याही त्याच्यासोबत उडतील. यापेक्षा पक्का पुरावा हवा तर बोर्श-सुपान आणि वाइस यांनी जर्मनीतल्याच ट्रक असेंब्लीच्या टीम्सच्या चुका मोजल्या, तो आहे. वयस्करांच्या चुका किंचित जास्त, पण गंभीर चुका जवळपास नाहीत, आणि साठीपर्यंत प्रॉडक्टिव्हिटी घसरताना दिसत नाही.

मॅडमनी तो निष्कर्ष काढला तेव्हाच टूलरूमच्या एका काकांनी हात वर केला. म्हणाले, "मॅडम, आमच्यातले ज्यांचे गुडघे गेले, कंबर गेली ते व्हीआरएस घेऊन कधीच गेले. मग त्यांनी मोजलं ते उरलेल्यांनाच ना?" दिवसभरातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच. वयस्कर कामगारांवरच्या जवळपास प्रत्येक अभ्यासाला हा प्रश्न लागू पडतो, चाळणीतून उरलेली माणसं मोजून वयाने काही फरक पडत नाही असं म्हणता येत नाही. त्या ट्रकवाल्या अभ्यासात निदान याचा विचार करून हिशोब केलाय. मॅडमना उत्तर देता आलं नाही, पण त्यांनी प्रश्न लिहून घेतला, हे मान्य करायला हवं.

बायका तर कुठल्याच स्लाइडमध्ये नव्हत्या. न्यूमार्क आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत नोकरीसाठी ४० हजारांवर खोटे अर्ज पाठवून बघितलं, २०१९ चा पेपर आहे, आणि वयाचा सगळ्यात ठळक फटका वयस्कर बायकांना बसताना दिसला. तिकडे निदान १९६७ पासून चाळिशीपुढच्यांसाठी कायदा आहे, आपल्याकडे खाजगी नोकरीत वयावरून भेदभाव थांबवणारा वेगळा कायदाच नाही, जाहिरातीत "वय ३५ पर्यंत" असं उघड छापतात.

आणि "भारतातला डेटा मिळत नाही" हे वाक्य तर यांनी काढूनच टाकावं. देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्येवर संशोधन करणाऱ्या संस्थेने ४५ च्या पुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांचा लासी सर्व्हे केलाय, पहिली फेरी २०१७-१८ ची. त्यात लाइनवरचं आउटपुट नाही हे खरं, पण तब्येत, काम, आठवणशक्ती, घरची परिस्थिती हे सगळं आहे, आणि आपल्याच लोकांचं आहे.

घ्यायचंच असेल तर पैसे भरण्याआधी स्लाइड मागवा आणि प्रत्येक दाव्यामागचा पेपर मागा, त्यातली माणसं किती वयाची होती ते बघा, कारण बऱ्याच ठिकाणी चाळिशीलाच वयस्कर धरतात आणि साठीपुढचे फारच थोडे असतात. काम कोणी मोजलं, साहेबाने मार्क दिले की पीस मोजले, हेही विचारा. १९८९ मध्ये मॅकएव्हॉय आणि कॅसिओ यांनी ९६ नमुने एकत्र केले तेव्हा वय आणि कामगिरीचा संबंध निघाला ०.०६ (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण), म्हणजे माणसाचं वय कळलं तरी तो काम कसं करतो याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. एवढा एक आकडा मोठ्या अक्षरात लावला असता तर मी तिसरा स्टार दिला असता.

आमच्याकडे दुसऱ्या बॅचचं बुकिंग मी सध्या होल्डवर टाकलंय आणि प्लांट हेड साहेबांकडे त्या बजेटमधून फायनल इन्स्पेक्शनला भिंगवाले दिवे आणि असेंब्लीला उंची कमीजास्त होणारे स्टूल मागितलेत. सुरुवातीला फक्त एकाच शिफ्टला द्यायचे आणि दुसऱ्या शिफ्टशी रिवर्क, म्हणजे पुन्हा दुरुस्त करावं लागणारं काम, ताडून बघायचं असं टूलरूमच्या काकांनी सुचवलंय, काही महिने झाले की दुसऱ्या शिफ्टलाही देणार. ट्रेनिंगवाल्यांना मेल केलाय, पेपरच्या लिंकसकट. नवीन स्लाइड आल्या तर रिव्ह्यू अपडेट करेन.