ठोकळ्यांचं लंबकाचं घड्याळ, बरेच महिने वापरल्यानंतर (मुख्यतः बुशबद्दल तक्रार)

प्लास्टिकचे जोडायचे ठोकळे वापरून केलेलं माझं घड्याळ परत बंद पडलंय आणि कारण परत तेच, बुश, म्हणजे गियर जागेवर राहावं म्हणून अॅक्सलवर (गियरच्या आसावर) बसवायचं छोटं कडं. म्हणून आता लिहूनच टाकतो. गियर, बीम (भोकांची पट्टी), पिन (जोडायची खुंटी), याहून जास्त सांगत बसत नाही, ज्यांनी हे ठोकळे हाताळलेत त्यांना माहितीये. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण मला भांडण कंपनीशी नाही, त्या एका बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकड्याशी करायचंय.

आधी रचना. लंबक साधारण 25 सेंटिमीटरचा, म्हणजे जाऊन येऊन एक सेकंद. एस्केपमेंटच्या, म्हणजे लंबकाच्या तालावर चाक एकेक दात सोडणाऱ्या यंत्रणेच्या, चाकाला 8 दात, दर झोक्याला एक सुटतो, म्हणजे 8 सेकंदात एक फेरा, तासाला 450. मिनिट काट्याचा अॅक्सल मात्र तासाला एकदाच फिरला पाहिजे. आणि हा 450 चा आकडा नेहमीच्या गियरमध्ये अगदी चपखल बसतो: 40 दातांच्या गियरला 8 दातांचं दोनदा, 24 ला 8 दोनदा, 16 ला 8 एकदा. 5×5×3×3×2. तास काट्याचे 12 सुद्धा 40-8, 24-8 आणि 16-20 अशा जोड्या लावून निघतात. हिशोब जमला तेव्हा वाटलं की झालं, घड्याळ तयार!

पण हाच 450 नंतर बोकांडी बसतो. वजनाचा जोर मिनिट काट्याच्या अॅक्सलवर लागतो, एस्केपमेंटच्या चाकापर्यंत जाईस्तोवर तो साडेचारशेपट कमी झालेला असतो, वर पाच जोड्यांमध्ये घर्षणाने खाल्लेला वेगळा. म्हणजे शेवटच्या चाकाशी बुश बीमला नुसता टेकला तरी तेवढं घर्षण पार करायला खाली साडेचारशेपट जास्त जोर लागणार. कुठून आणायचा? वजन वाढवलं तर खालचा प्लास्टिकचा अॅक्सल पिळलेल्या टॉवेलसारखा वळतो, माझ्याकडचे दोन तसेच वाकडे होऊन बसलेत.

आता बुश. अॅक्सलवर तो नुसत्या घट्टपणावर टिकतो, ना स्क्रू ना खाच. घट्ट दाबला तर बीमला घासतो, सैल ठेवला तर गियर इकडेतिकडे फिरायला जातं आणि शेजारच्या गियरला लागतं. उपाय म्हणजे बुश आणि बीममध्ये कागदाचा तुकडा घालायचा, बुश दाबायचा, कागद ओढून काढायचा. उत्तम चालतं. मग टिकटिक टिकटिक चालू राहते, प्रत्येक टिकटिकीला बारीक हादरा बसतो, आणि काही आठवड्यांनी बुश केसभर सरकलेला असतो. केसभरच! डोळ्याला दिसत नाही पण लंबकाचा झोका हळूहळू लहान होत जातो आणि एका सकाळी सगळं शांत. जुने, शंभरदा काढून घातलेले बुश तर अजूनच ढिले, घड्याळात नवेच वापरा.

कस्टमर केअरला मेल टाकला होता की जरा घट्ट बसणारे बुश मिळतील का. उत्तरात मुलाचं वय विचारलं. मी माझं कळवलं, पुढे उत्तर नाही.

लंबकाबद्दल मात्र माझं मत बदललंय. सुरुवातीला हट्ट होता की सगळं ठोकळ्यांचंच पाहिजे, बाहेरचं काही नको. पण गरम दिवसांत घड्याळ मागे पडायला लागलं. एबीएस, म्हणजे या ठोकळ्यांचं प्लास्टिक, तापलं की बरंच लांबतं, 10 अंशांच्या फरकाला घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट तरी मागे पडतं, पोलादी दांडी असेल तर तेच पाच सेकंदांच्या आसपास. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने 1656 मध्ये लंबकाचं घड्याळ केलं तेव्हा त्याला निदान धातू तरी होता हाताशी. शेवटी सायकलचा एक जुना स्पोक पडला होता तो लावला आणि नशीब बघा, लांबी जवळपास हवी तेवढीच, शिवाय टोकाला आटे आणि त्यावर निपल (आट्यांवर फिरणारं छोटं नट) तयार! लंबकाचा गोळा त्या निपलवर टेकवला. आट्यांचा टप्पा साधारण 0.45 मिमी, म्हणजे निपलचा एक पूर्ण फेरा दिवसाला सव्वा मिनिटाच्या आसपास फरक पाडतो, पाव फेरा फिरवून वीस सेकंदांपर्यंत खाली येता येतं. फुकटात यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही. त्याहून बारीक हवं असेल तर गोळ्यावर एखादा छोटा तुकडा ठेवायचा, लंडनला बिग बेनच्या लंबकावर जुनी पेनी ठेवून दिवसाला 0.4 सेकंद पुढे आणतात, तेच तत्त्व.

वजनासाठी विकत काही घेऊ नका, पाण्याची बाटली लटकवा. जेमतेम चालेल इतकंच पाणी ठेवा, कारण जास्त वजनाने फक्त अॅक्सल मरतात. माझी बाटली तासाला 10 सेंटिमीटर खाली येते, म्हणजे मीटरभर उंचीत दहा तास, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोरी गुंडाळायची आणि रात्री उशिरा घड्याळ थांबलं तर आश्चर्य नाही. मध्ये पुली टाकली तर वेळ दुप्पट होतो, पण वजनही दुप्पट लागतं, अॅक्सलवरचा ताण मात्र तेवढाच राहतो.

काळ्या पिना फिरत्या जागी अजिबात नकोत, त्या मुद्दाम घर्षणाच्या असतात, करड्या वापरा. तेल घालू नका, धूळ चिकटते आणि काही तेलांनी एबीएसला तडे जातात.

असं घड्याळ करायला घ्यावं का? वेळ बघायला नको, घड्याळ कसं चालतं ते बोटांना कळायला हवं असेल तर जरूर. फक्त पार्ट मागवताना गियरपेक्षा बुश जास्त मागवा. आणि कोणी शेवटच्या दोन जोड्यांना प्लास्टिकऐवजी पोलादी अॅक्सल लावून पाहिले असतील तर एवढंच सांगा, त्यावर बुश तरी जागेवर राहतो का?