स्टेट बँकेचे मॅक्सगेन गृहकर्ज: पगारदारांसाठी ओव्हरड्राफ्ट

ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात शिल्लक नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढण्याची मुभा, ही एरवी व्यापाऱ्यांच्या चालू खात्याची सोय. स्टेट बँकेने मॅक्सगेनमध्ये ती गृहकर्जाला जोडली आहे, आणि ज्यांच्या हाती अधूनमधून बऱ्यापैकी रक्कम शिल्लक राहते अशा कर्जदारांना हे कर्ज मी मनापासून सुचवेन.

या खात्याला पैसे काढण्याची एक मर्यादा असते. तिला बँकेत ड्रॉइंग पॉवर म्हणतात आणि हप्त्यातील मुद्दल फिटत जाईल तशी ती दरमहा खाली येते. जादा पैसे खात्यात भरले की व्याजाची आकारणी त्या त्या दिवशीच्या प्रत्यक्ष बाकीवर होते, आणि गरज पडली तर तेच पैसे मर्यादेच्या आत पुन्हा काढता येतात. समजा, ८.५ टक्के दराच्या ३० लाखांच्या कर्जात ३ लाख रुपये वर्षभर भरून ठेवले, तर सुमारे २५,५०० रुपयांचे व्याज वाचते. बचत खात्यात अडीच टक्क्यांनी याच रकमेवर ७,५०० रुपये मिळतील आणि ते उत्पन्नात धरले जातील. वाचलेले व्याज हे उत्पन्नच नसल्यामुळे त्यावर कराचा प्रश्न येत नाही.

चल व्याजदराच्या साध्या गृहकर्जातही वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड लावण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बँकांना मनाई केली. त्यामुळे केवळ व्याज वाचवायचे असेल तर साधे कर्जही पुरते. मात्र तिथे एकदा भरलेली रक्कम परत मिळत नाही, आणि घरात अचानक आजारपण उद्भवले की हा फरक फार मोठा ठरतो. मॅक्सगेनची खरी किंमत मला यातच दिसते.

अर्ज करण्यापूर्वी शाखेत साध्या कर्जाचा दरही विचारावा. ओव्हरड्राफ्टचा दर पाव टक्क्याने जास्त असेल, तर ३० लाखांवर वर्षाला ७,५०० रुपये जादा पडतात, म्हणजे साधारण ८८ हजार रुपये कायम खात्यात राहिले तरच खर्च भरून निघतो. ज्यांचा पगार महिनाअखेर संपतो त्यांनी साधेच कर्ज घ्यावे. जुन्या करप्रणालीत असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: खात्यात ठेवलेली जादा रक्कम ही मुद्दलाची परतफेड नव्हे, म्हणून कलम ८०सीची वजावट तिच्यावर मिळत नाही.