तळं चांगलं, माणसं चांगली, पण दर रविवारच्या स्पर्धा माशांना झेपत नाहीयेत

पाचपैकी तीन स्टार देतोय, आणि दोन का कापले ते नीट लिहितो कारण पैसे देऊन गळ टाकायच्या या तळ्यावर मी चार वर्षं येतोय आणि मला हे तळं पुढेही असंच हवंय.

आधी नवीन येणाऱ्यांसाठी. ऐरोलीहून सकाळी साडेपाचला बाईकवर निघालं की महापे-शिळफाटा रोडने अर्ध्या पाऊण तासात पोचतो, शेवटचा एक तुकडा कच्चा आहे, पावसात तिथे गाडी सांभाळून. अर्ध्या दिवसाचे पाचशे, पूर्ण दिवसाचे आठशे, स्वतःचा रॉड आणला तर वेगळा चार्ज नाही. रविवार सोडून आलात तर जागा हवी ती मिळते. बांधावर पत्र्याची शेड आहे, टॉयलेट स्वच्छ असतं (हे मी मुद्दाम लिहितोय, बायकोला आणि मुलीला घेऊन येतो त्यामुळे माझ्यासाठी ते महत्त्वाचं आहे), आणि वॉचमन काकांच्या घरून सांगितलं तर तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी येते, ती खाल्ल्याशिवाय निघू नका. काका स्वतः लहान मुलांना गळ बांधायला शिकवतात, न चिडता, माझी मुलगी त्यांच्याकडूनच शिकली.

मासे म्हणाल तर रोहू, कटला, मृगळ, थोडे सायप्रिनस आणि चिलापी भरपूर. पलीकडच्या वेताच्या कडेला दोन चार मरळ आहेत. शेंगदाण्याची पेंड आणि भिजवलेला पाव यावर काम होतं, वेगळं काही आणायची गरज नाही. कटल्याला गळ वरच्या थरात ठेवा, रोहूला मध्ये, मृगळ तळाशी चरतो.

आता मुद्द्याचं. पहिली दोन वर्षं एका सकाळीत चार पाच रोहू हमखास लागायचे. आता सहा तास बसून एखाद दुसरा लागतो आणि जो लागतो त्याचं तोंड बघवत नाही. ओठ फाटून परत जुळलेले, एका रोहूला तर वरचा ओठ एका बाजूने नव्हताच, एकाच्या तोंडात कोणाचा तरी तुटलेला गळ दोरीसकट अडकलेला होता, तो मी पकडीने काढला. अंगावर खवले गेलेले पॅच आणि त्यावर पांढरी बुरशी. हे सगळं गेल्या दिवाळीपासून वाढलंय आणि दिवाळीपासूनच इथे जवळपास दर रविवारी स्पर्धा सुरू झाल्यात.

स्पर्धा कशी चालते ते ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो. सकाळी सहाला सुरू, एकला वजन. ज्याचा सगळ्यात जड मासा त्याला पहिलं बक्षीस, शिवाय तीन माशांच्या एकूण वजनाचं वेगळं. म्हणजे मासा लागला की तो वजनापर्यंत जिवंत ठेवायचा, मग तो कडेला नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत घालून गुडघाभर पाण्यात ठेवतात. सातला लागलेला मासा एक वाजेपर्यंत त्या पिशवीत, उन्हात, जिथे पाणी सगळ्यात गरम असतं तिथे. मग मंडपात आणायचा, वजनकाट्याला लावायचा, फोटो, पुन्हा फोटो, आणि शेवटी सगळे मासे मंडपासमोरच्या त्याच एका कोपऱ्यात सोडायचे. टाळ्या वाजतात, मासा शेपटी हलवत खाली जातो, आणि सगळ्यांना वाटतं वाचला.

मलाही तसंच वाटलं होतं. मार्चमधल्या स्पर्धेत मला सहा किलोच्या वरचा कटला लागला, दुसरं बक्षीस मिळालं. साडेसातला लागला होता, एकपर्यंत माझ्याच पिशवीत होता. सोडला तेव्हा व्यवस्थित गेला. मंगळवारी सुट्टी होती म्हणून परत आलो तर काका काठीने एक मोठा मासा कडेला ओढत होते, फुगलेला, आणि शेपटीच्या वरच्या पात्याला जो कट होता तो मी फोटोत बघितलेला कट होता. फोटो झूम करून ताडून बघितला, तोच. काका म्हणाले, "सोमवार-मंगळवारी निघतातच दोन चार, रविवारी कळत नाही." ते वाक्य डोक्यातून जात नाही. बक्षिसाचा तो रॉड अजून प्लास्टिकमध्येच आहे.

असं का होतं ते तेव्हापासून वाचत बसलोय. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी मावतो, वीस अंशाच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो तर तीस अंशाला साडेसातच्या आसपास, आणि इथे तर एप्रिलमध्ये पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेताना मी स्वतः बघितलेत, म्हणजे आधीच कमी पडतोय. त्यात मासा दहा मिनिटं दोरीवर जोर लावून दमलेला, मग पाण्याबाहेर, मग पिशवीत जाळीला घासून अंगावरचा तो बुळबुळीत थर गेलेला. तो थरच त्याला बुरशीपासून वाचवतो. मासा लगेच मरत नाही, एक दोन दिवसांनी मरतो, आणि तेव्हा तिथे कोणी नसतं.

अमेरिकेत यावर खूप काम झालंय, तिथे बास नावाच्या माशाच्या स्पर्धा फार मोठ्या असतात. मोठ्या तोंडाचा, हिरवट, शिकारी मासा. रे स्कॉट नावाच्या माणसाने १९६७ ला आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर पहिली मोठी स्पर्धा घेतली, आणि १९७२ मध्ये त्यानेच पकडलेले मासे मारू नका, जिवंत सोडा अशी मोहीम सुरू केली. म्हणून तिथल्या बोटींना पंप लावलेल्या पाण्याच्या टाक्या असतात, मासा त्यात ठेवतात. तरीही अभ्यासकांनी वजन झाल्यावर मासे पिंजऱ्यात ठेवून पुढचे काही दिवस मोजले तेव्हा कळलं की उन्हाळ्यात सोडल्यानंतर मरणारे बरेच असतात, आणि पाणी जितकं गरम तितके जास्त. टाकी आणि पंप असून ही गत, आपल्याकडे जाळीची पिशवी आहे.

अजून एक गोष्ट तिथे दिसली, सगळे मासे वजनाच्या जागेजवळ सोडले की बरेचसे तिथेच आसपास घोटाळत राहतात, लांबून आणलेला मासा आपल्या जागी परत जातोच असं नाही. इथे तळं छोटं आहे त्यामुळे तेवढा फरक पडणार नाही हे मान्य, पण तो मंडपाचा कोपरा उथळ आहे आणि दमलेले पंचवीस तीस मासे एका वेळी त्या कोपऱ्यात, हे कसं चालेल.

आणि जे मला सगळ्यात जास्त लागलं ते पिल्लांचं. बास नर घरटं करून अंडी आणि पिल्लं राखतो. तेवढ्या काळात त्याला गळावर घेतलं, थोडा वेळ जरी बाहेर ठेवलं, तरी ब्लूगिलसारखे छोटे मासे अंडी खाऊन टाकतात. इलिनॉयमध्ये रिज लेक नावाच्या तलावापासून सुरू झालेला अभ्यास आहे, सहज गळाला लागणारे बास एकीकडे आणि क्वचितच लागणारे दुसरीकडे असे वेगळे वाढवले, तीन पिढ्यांत दोघांतला फरक वाढत गेला, म्हणजे गळाला लागायचा स्वभाव रक्तातून पुढे जातो. आणि जे नर जास्त पटकन गळाला लागतात तेच पिल्लांची राखण जास्त जोमाने करतात असंही निघालं. जो चांगला बाप तोच पहिला उचलला जातो.

आपली मरळ अगदी अशीच. पावसाळ्यात तांबड्या पिल्लांचा तो गोळा पाण्यावर फिरताना आणि खाली आईबाप पहारा देताना ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. जुलैमध्ये एका ग्रुपने इथे बेडकाच्या आकाराचं रबरी आमिष त्या गोळ्यावरूनच ओढलं, मरळ पिल्लांना वाचवायला तुटून पडते, भूक म्हणून नाही, आणि लागली. दीड किलोची मरळ घरी गेली, फोटोला शंभर लाईक. पिल्लांचा गोळा दोन दिवसांत दिसेनासा झाला.

मालक दादांशी बोललो. माणूस चांगला आहे, ऐकून घेतो. त्यांचं उत्तर असं की मासे कमी झाले की मी नवीन टाकतो ना, मग काय प्रॉब्लेम. दादांचं एक बरोबर आहे, रोहू कटला मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं, म्हणून हॅचरीतून बीज आणून बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडावीच लागते. १९५७ मध्ये हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं म्हणून तर आज हे बीज सगळीकडे मिळतं. पण बोटुकली एका वर्षात किलोभर होईल, सहा किलोचा कटला व्हायला किती वर्षं लागतात ते दादांनाच जास्त माहीत. स्पर्धा तर जड माशाचीच आहे, म्हणजे दर रविवारी तेच पंधरा वीस जुने मासे पुन्हा पुन्हा काट्याला जातात आणि त्यातलेच सोमवारी वर येतात. बाहेरून मोठे मासे विकत आणून टाकायचे तर ते टेम्पोच्या प्रवासातच अर्धमेले होतात.

आणि बाईट कमी का झाले याचं कारण फक्त मासे कमी झाले हे नाही. हॉलंडमध्ये १९७० च्या सुमाराला तळ्यातल्या कार्प माशांवर प्रयोग झाला होता, एकदा गळाला लागलेला कार्प पुढे कितीतरी महिने गळ टाळतो असं दिसलं. आपला सायप्रिनस म्हणजे तोच कार्प. इथे आठवड्याला साठ सत्तर गळ पडतात, मासे शिकले नाहीत तरच नवल. पेंडीचा गोळा पडला की बुडबुडे येतात, मासा जवळ असतो, फुंकर मारल्यासारखा गोळा फोडून आजूबाजूचं खातो, गळ सोडून. म्हणून मग लोक तीन तीन गळांचा झुबका लावतात आणि मासा तोंडाऐवजी पोटाला, डोळ्याला अडकतो. हा झुबका तर आधी बंद करा, आजच.

स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. स्पर्धेमुळे तळ्याला पैसा येतो, काकांना पगार मिळतो, आणि ठाण्याच्या तलावांवर बघा, सुशोभीकरण झालं, बोटिंग झालं, पण शांत बसून गळ टाकायला हक्काची जागा अशी उरली किती, त्यामुळे असली जागा चालायलाच हवी. पण वजनाऐवजी लांबी मोजा. अमेरिकेत कयाकवरच्या स्पर्धा अशाच होतात, मापाच्या ओल्या फळीवर मासा ठेवायचा, फोटो काढायचा, जागच्या जागी सोडायचा, एक मिनिटाचं काम. पिशव्या लागणार नाहीत, मंडपातली रांग लागणार नाही. टेक्सासमध्ये लेक फोर्क म्हणून तलाव आहे, तिथे सोळा ते चोवीस इंचांतला बास घरी नेता येत नाही, परत सोडावाच लागतो, म्हणून तिथे मोठे मासे टिकतात. इथेही घरी न्यायला एक किलोच्या आतला रोहू आणि हवी तेवढी चिलापी द्या, मोठा कटला परत पाण्यात. एप्रिल मे मध्ये स्पर्धा नको, घ्यायचीच तर सकाळी नऊला संपवा. महिन्यात एक रविवार पूर्ण सुट्टी. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकायला लावा, दोन सेकंद लागतात, मासे थोडे जास्त सुटतील पण ओठ कमी फाटतील. आणि एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) एकच आहे तोही मंडपाच्या बाजूला लाइटिंगसाठी हलवलेला, तो परत पाण्यात घाला.

एक अजून, गेल्या महिन्यात दोघं तिघं दादांच्या मागे लागले होते की इथे बास आणून सोडा, स्पर्धेला मजा येईल. कृपा करून नको. जपानमध्ये बिवा सरोवरात २००९ ला बासचा जागतिक विक्रम बरोबरीत आला हे खरं, १९३२ च्या जॉर्जियातल्या विक्रमाशी, पण त्याच बिवामध्ये हा बाहेरून आलेला बास तिथले मूळचे मासे खातो म्हणून पकडलेला परत सोडायला बंदी आहे. आपलं तळं जुलैमध्ये भरून ओढ्याला वाहतं, ओढा खाडीकडे जातो, जे इथे सोडाल ते इथेच राहणार नाही. चिलापी आणि परदेशी मांगूरने आधीच काय केलंय ते बघतोय आपण.

दादांनी एवढं कबूल केलंय की पुढच्या महिन्यातली एक स्पर्धा लांबीवर घेऊन बघू, कोणी भांडलं तर तू समजवायचं. समजावतो. मापाच्या चार फळ्या मी बनवून आणतोय, पांढऱ्या पीव्हीसीच्या, सेंटीमीटरच्या खुणा मुलीने केल्यात. ज्या कोणाला त्या रविवारी यायचंय त्यांनी साधी पकड आणि रबरी हातजाळं घेऊन या, आणि सोमवारी ज्यांना वेळ असेल त्यांनी सकाळी काकांबरोबर बांधावरून एक फेरी मारा, किती वर आले ते मोजायचंय. आकडा इथेच लिहीन, आणि त्याप्रमाणे स्टार बदलेन.